पायडलाआधी पायताण

मेढ्याहून साताऱ्याला नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी रोज जा-ये करणाऱ्याच्या पायांखाली पावसाळ्यातल्या एका दिवसात किती तऱ्हेची जमीन येते ते पाहण्यासारखे आहे. घरापासून रस्त्यापर्यंत चिखलाची वाट, मग ओले डांबर, एस.टी.ची पत्र्याची पायरी, स्टँडवरची फरशी आणि शेवटी कचेरीतली किंवा कॉलेजातली गुळगुळीत टाइल. मधले पंचवीसेक किलोमीटर एस.टी. तोडते; दोन टोकांचे तुकडे ज्याचे त्याने पाहायचे. त्यातून पुढे रेल्वे धरायची असेल, तर साताऱ्याचे स्थानक शहरात नाहीच, ते बाहेर माहुलीला आहे. घडीची म्हणजे फोल्डिंग सायकल अशा तुकड्यांसाठीच जन्माला आली. ती चालवणारा दिवसाचा थोडा वेळ सायकलस्वार असतो, उरलेला सगळा वेळ पादचारी. म्हणून या सायकलवर पाय घट्ट टेकावा, घसरू नये, यासाठी काय घ्यावे हा प्रश्न पायडलापासून सोडवायला घेतला की उत्तर चुकते. दिवसभर पायांत काय राहणार ते आधी ठरवावे आणि मग त्या तळाला धरून ठेवील असे पायडल शोधावे, असे माझे म्हणणे आहे. ऐकायला हे उलटे वाटते, कारण बाजारात सल्ला नेमका दुसऱ्या टोकाकडून मिळतो: आधी भारी पायडल, मग त्याला जुळणारे खास बूट.

सायकलबरोबर जे मिळते ते आधी पाहू. बहुतेक घडीच्या सायकलींना प्लास्टिकची मोडती पायडले येतात. आत दाबले किंवा खटका ओढला की पायडल क्रँकला समांतर उभे राहते आणि घडीची रुंदी बरीच कमी होते. लंडनमध्ये बनणाऱ्या ब्रॉम्प्टनमध्ये फक्त डावे पायडल मोडते. घडी घातल्यावर बाहेर राहणारी बाजू तीच, म्हणून उजव्याला मोडण्याची गरजच नाही. डॅहॉनसारख्या मधोमध दुमडणाऱ्या सायकलींना बहुधा दोन्ही मोडती असतात. कल्पना चोख आहे, पण तिची किंमत पाय मोजतो. खटक्यासाठी आणि बिजागरीसाठी जागा द्यावी लागल्याने पाय टेकायची जागा लहान होते, सांध्यात काही महिन्यांनी खेळ येतो आणि पायडल पायाखाली किंचित डुलू लागते. वर पृष्ठभागावर जे उंचवटे असतात ते साच्यातून निघालेले, बोथट आणि गुळगुळीत. कोरड्या दिवसात ते पुरतात. पावसाळ्यात पुरत नाहीत, आणि का पुरत नाहीत हे समजून घेतल्याशिवाय पुढची निवड नीट होत नाही.

पाय पायडलावरून नेमका केव्हा घसरतो? जोरात पायडल मारताना घसरत असेल असे सहज वाटते, पण हिशोब वेगळे सांगतो. १७० मिलिमीटरचा क्रँक, मिनिटाला ६० फेरे आणि १५० वॉट शक्ती, म्हणजे साधारण सवयीच्या माणसाने चढावर घाम गाळून केलेले काम, असे धरले तर पायडलावरचा उपयोगी जोर सरासरी १४ किलो वजनाइतका येतो. पायडल समोर आडवे असताना तो याच्या दीड-दोन पट होतो. इतका दाब खाली असताना कोणताही बरा तळ जागचा हलत नाही, कारण घर्षण दाबाबरोबर वाढते. घसरण होते ती जोर सुटलेला असताना. पायडल सगळ्यात वर किंवा सगळ्यात खाली असते, त्या क्षणी पाय नुसता टेकलेला असतो. उतारावर पाय स्थिर ठेवून सायकल सोडलेली असते, तेव्हाही तसेच. एका पायाचे वजन शरीराच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे ६५ किलोच्या माणसाचे दहा-अकरा किलो असते, आणि त्यातलेही काही मांडी खोगिरावर तोलते. अशा हलक्या टेकलेल्या पायाला खालून एक दणका बसला की तो क्षणभर अधांतरी होतो आणि परत पडतो तो कुठे पडेल याची खात्री नसते. तेव्हा पकड हवी ती या कमी दाबाच्या क्षणांसाठी. पायडलाची परीक्षा तिथे घ्यायची.

आणि दणक्यांच्या बाबतीत घडीची सायकल मुळातच कमनशिबी आहे. खड्डा १५ सेंटिमीटर रुंद असेल तर जुन्या २८ इंची सायकलचे सुमारे ३५ सेंटिमीटर त्रिज्येचे चाक त्यात ८ मिलिमीटर उतरते. ब्रॉम्प्टनचे सुमारे २१ सेंटिमीटर त्रिज्येचे चाक त्याच खड्ड्यात १४ मिलिमीटर उतरते. यात रस्त्याचा दोष नाही, टायरचा नाही, ही निव्वळ भूमिती आहे. शिवाय हे जादा उतरणे आणि वर येणे तेवढ्याच अंतरात घडते, म्हणून धक्का अधिक तीक्ष्ण लागतो. मेढ्यापासून केळघरकडे आणि पुढे घाटातून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याला पावसाळ्यात काय होते ते जावळीत वेगळे सांगायला नको. वर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वेण्णेचे खोरे त्याच्या अगदी उंबऱ्यात आहे. लहान चाक, फुटका रस्ता आणि ओला तळ ही तीन कारणे इथे एकत्र येतात. (लहान चाक म्हणजे जास्त पायडल मारावे लागते, हा समज मात्र खरा नाही. पुढचे दातेरी चक्र मोठे आणि मागचे लहान ठेवून कारखान्यातच ती भरपाई केलेली असते. एका फेऱ्यात कापले जाणारे अंतर मोठ्या सायकलच्या तोडीचेच राहते.)

आता पाणी काय बिघडवते ते. रबराची पकड दोन वेगवेगळ्या कारणांनी होते. एक म्हणजे चिकटणे: रबराचा पृष्ठभाग दुसऱ्या पृष्ठभागाला अगदी जवळून भिडतो आणि दोहोंच्या रेणूंमध्ये ओढ तयार होते. दुसरे म्हणजे रुतणे: समोरच्या खडबडीत टोकांभोवती रबर दबते, पुन्हा फुगते, आणि या दबण्या-फुगण्यात जी ऊर्जा खर्ची पडते ती सरकण्याला विरोध करते. कोरड्या दिवसात दोन्ही कारणे कामाला असतात. मध्ये पाण्याचा पापुद्रा आला, त्यात बारीक माती मिसळली, की पहिले कारण जवळजवळ संपते, कारण भिडणेच होत नाही. दुसरे शिल्लक राहते, पण त्यासाठी पापुद्रा भेदून तळात शिरणारे टोक लागते. मोडत्या पायडलाचे बोथट उंचवटे हे करू शकत नाहीत. तळहाताएवढ्या सपाट पायडलावर बसवलेल्या तीन-चार मिलिमीटर उंचीच्या धातूच्या खिळ्या, सायकलवाले ज्यांना पिना म्हणतात, त्या हे करतात. वजन तेवढेच, पण ते आठ-दहा बारीक टोकांवर वाटले गेल्याने प्रत्येक टोकाखालचा दाब कैक पटींनी वाढतो, आणि पायाचे हलके टेकणेही पुरेसे होते. पावसाळी प्रदेशात पिनांचे पायडल घेणे ही हौस नाही; कोरड्या पकडीचा जो अर्धा भाग पाऊस काढून घेतो त्याची ती भरपाई आहे. सातारा जिल्ह्यातल्याच माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात राहणाऱ्याने हा खर्च नाही केला तरी चालेल, इतका हा फरक स्थळाचा आहे.

पण पिन रुतायची तर समोर तसा तळ हवा, आणि इथे पायताणाचा प्रश्न पायडलाच्या पुढे जातो. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापुरी चपलेचे घर आहेत. २०१८ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याचा तिचा तळ चालण्यासाठी उत्तम: टणक, टिकाऊ, पायाच्या आकारात बसत जाणारा. पायडलावर मात्र हेच गुण आड येतात. टणक चामड्यात पिन रुतत नाही, घासून घासून तळाला चकाकी येते, आणि ओले झाल्यावर ते चामडे बुळबुळीत होते. त्याहून मोठी अडचण वरच्या बाजूला आहे. पायाची पकड ही एका जागी नसते, दोन जागी असते: तळ आणि पायडल यांच्यात एक, पाऊल आणि तळ यांच्यात दुसरी. मागे पट्टा नसलेल्या कोणत्याही चपलेत, मग ती कोल्हापुरी असो की रबरी स्लीपर, दुसरा सांधा फक्त अंगठ्याने धरलेला असतो. पायडलाच्या पिनांनी स्लीपर अगदी घट्ट धरली आणि ओले पाऊल तिच्यातून पुढे सरकून बाहेर आले, तर पहिल्या सांध्याच्या घट्टपणाचा उपयोग काय? खरे तर तो उलटा पडतो, कारण पायडल मारता मारता स्लीपर अर्धवट सुटते आणि बोटे क्रँकजवळ जातात.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. आपल्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी चपला घालून, कधी अनवाणी, डबल सीट, धान्याचे पोते कॅरिअरवर टाकून सायकली हाणल्या. मुलांनी हाफ पायडल मारत शिकून घेतले. कुणाला पिना लागल्या नाहीत. हे खरे आहे. पण त्यांच्या सायकलीही वेगळ्या होत्या. त्या काळ्या, जड, २८ इंची सायकलींना दोन्ही बाजूंना जाड रबरी ठोकळे असलेले पायडल असे. तळ चामड्याचा किंवा टायरचा असला तरी रुतण्याचे काम पायडलाचे रबर करी. म्हणजे मऊ बाजू पायडलाकडे होती आणि कडक बाजू पायताणाकडे. घडीच्या सायकलच्या प्लास्टिकच्या पायडलाने ही मऊ बाजू काढून घेतली. तिथे चामड्याचा तळ ठेवला की दोन्ही कडक पृष्ठभाग समोरासमोर येतात. वर चाक मोठे, चाल संथ, खोगीर स्प्रिंगचे, त्यामुळे दणकाही मंद पोचे. आणि जुनी रबरी पायडलेही उन्हापावसाने काही वर्षांत काचेसारखी टणक होत आणि पावसात निसटत, हे विसरले जाते. तरी एक गोष्ट या आक्षेपातून घेण्यासारखी आहे. ट्रकच्या टायरचा तळ ठोकलेल्या पट्ट्याच्या वहाणा, ज्या आठवडी बाजारात अजून दिसतात, त्यांत टाचेमागे पट्टा असतो आणि तळ खऱ्या रबराचा असतो. पिनांच्या पायडलावर त्या कित्येक महागड्या बुटांपेक्षा बऱ्या. टायरचे रबर जरा कडक, म्हणून पिन उथळ रुतते, एवढेच.

मग पावसाळ्यात, पण टाइलवर आणि एस.टी.च्या पायरीवरही चालेल, असे काय घालावे? तळ सपाट हवा, खऱ्या व्हल्कनाइझ केलेल्या रबराचा हवा आणि फार जाड नको. नख दाबल्यावर वळ उमटतो आणि लगेच भरून येतो, असा तळ पिनेला आवडतो. शाळेत पीटीसाठी घालतात तो साधा पांढरा कॅनव्हासचा बूट या कसोटीला जवळजवळ पूर्ण उतरतो आणि त्याचा कुणाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. डोंगरातल्या सायकलस्वारांसाठी जे बूट जगभर नावाजले गेले त्यांची जातकुळी हीच आहे. फाइव्ह टेन ही कंपनी १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली ती कडे चढणाऱ्यांच्या बुटांसाठी. खडकाला चिकटणारे मऊ रबर हा तिचा शोध, आणि पुढे तेच रबर सपाट पायडलावर चालवणाऱ्यांनी आपलेसे केले. त्याही आधी बीएमएक्सवाली मुले व्हॅन्सचे सपाट, वॅफल नक्षीच्या तळाचे कॅनव्हास बूट वापरत. कॅनव्हासचा दोष एकच, तो भिजतो आणि जावळीच्या जुलैत वाळत नाही. ज्याला ते नको त्याने रबरी तळाची, टाचेला पट्टा आणि पुढे बोटांना आडोसा असलेली सँडल घ्यावी. ओले पाऊल आत सरकू नये म्हणून आतला तळवा खरखरीत आहे ना, ते बोट फिरवून पाहावे. हल्ली पावसाळ्यासाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या फोमच्या, पिसासारख्या हलक्या चपला आणि क्लॉग दिसायला सोयीच्या असतात. त्यांत पिन रुततेही छान, पण फोम फाटतो, आणि ओल्या टाइलवर त्यांतले बरेच तळ घसरतात. गमबूट चिखलाला चांगला, मात्र त्याच्या पीव्हीसी तळाला खोल दाते असतात. हेच ट्रेकिंगच्या बुटांचे. खोल दात्यांचा तळ जमिनीसाठी असतो, पायडलासाठी नसतो: पिन कधी दात्यावर येते, कधी दोन दात्यांमधल्या पोकळीत पडते, आणि पोकळीत भातखाचरातला चिकट चिखल बसलेला असला की रबर पिनेपर्यंत पोचतच नाही.

तळ किती ताठ असावा याचे उत्तर पायडलाच्या आकारावर अवलंबून आहे, आणि याचा सगळ्यात बोलका पुरावा घडीच्या सायकलच्याच इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसए कंपनीने जी घडीची सायकल बनवली, तिला नेहमीच्या अर्थाने पायडलच नव्हते. क्रँकच्या टोकाला नुसता पोलादी दांडा होता, उडी घेताना कुठे अडकू नये म्हणून तो आत ढकलता येई. उघड्या दांड्यावर पाय टेकून मैलोगणती जाणे शक्य झाले ते सैनिकाच्या पायांत जाड, ताठ तळाचा बूट होता म्हणून. पायडलाचे काम बुटाने उचलले होते. याच न्यायाने उलटेही खरे ठरते: पायडल रुंद असेल, पावलाचा पुढचा भाग सगळा त्यावर मावत असेल, तर तळ मऊ आणि लवचीक चालतो, कारण आधार पायडल देते. लहान मोडते पायडल तसेच ठेवून वर पातळ स्लीपर घालणारा दोन्ही बाजूंनी नागवला जातो; तळपायाच्या चवड्यावर एका रेषेत दाब येतो आणि अर्ध्या तासात तिथे मुंग्या येतात. ज्याला पायडल बदलायचे नाही त्याने निदान तळ ताठ असलेला बूट घालावा, आणि ज्याला ताठ बूट कचेरीत नको त्याने पायडल रुंद करावे. दोन्ही टोकांना काटकसर केली की ती पायाला भोवते.

आता दुसरा, शहरी आक्षेप. सायकलचे खरे शौकीन बुटाच्या तळाला धातूची क्लीट लावून ती पायडलात अडकवतात. पाय घसरण्याचा प्रश्नच राहत नाही आणि ताकदही वाया जात नाही, तर घडीच्या सायकलवर तेच का नको? लुक कंपनीची अशी पायडले १९८४ मध्ये आली, १९८५ मध्ये बर्नार्ड इनो त्यांच्यावर तूर द फ्रान्स जिंकला आणि शर्यतीतल्या, पाय पायडलाला बांधणाऱ्या चामडी पट्ट्यांचे दिवस भरले. ताकद वाचते हे मात्र तपासून पाहिले गेले आहे आणि निष्कर्ष अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. कोलोरॅडो विद्यापीठातल्या ॲशर स्ट्रॉ आणि रॉजर क्रॅम यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधे धावण्याचे बूट आणि सपाट पायडल, तेच बूट आणि पट्ट्याचे पायडल, आणि क्लीटचे बूट असे तीन प्रकार घेऊन शरीर किती ऊर्जा खर्चते ते मोजले. १५० वॉटपर्यंतच्या कामात तिन्हींत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. क्लीटमुळे पाय वर ओढूनही शक्ती लावता येते, हा युक्तिवाद २००७ मध्ये थॉमस कॉर्फ आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने आधीच अडचणीत आणला होता: मुद्दाम वर ओढत चालवले तर पायडलावरचा जोर कागदावर अधिक नेटका दिसतो, पण तेवढ्याच कामाला शरीर जास्त ऊर्जा खर्च करते. शर्यतीतल्या शेवटच्या धावेत, जिथे कैक शे वॉट लागतात, तिथे क्लीटचा फायदा मी नाकारत नाही. मेढा स्टँड ते घर या अंतरात ती वेळ येत नाही. केळघर घाटासारख्या चढावर पाच टक्के चढ धरला, तर माणूस आणि सायकल मिळून ९० किलो वजन १५० वॉटमध्ये ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वर जाते. म्हणजे आपला सगळा मामला या अभ्यासाच्या कक्षेतच येतो.

यावर कोणी म्हणेल, की १९९० मध्ये शिमानोने आणलेल्या एसपीडी प्रकारात क्लीट तळाच्या खाचेत बसते, मग त्या बुटाने चालता येतेच. चालता येते, पण कुठे यावर बरेच आहे. मेढ्याच्या बाजारातल्या चिखलात ती खाच भरते आणि क्लीट पायडलात बसायला नकार देते. कचेरीच्या ओल्या टाइलवर धातू टेकला तर बुटाचा सगळा गुण तिथेच संपतो. पण माझा मुख्य विरोध याहून साधा आहे. क्लीटचे पायडल एका बुटाला बांधलेले असते. तो बूट भिजला, शिवायला टाकला, किंवा लग्नाला जायचे आहे, की सायकल घरी राहते. ज्या वाहनाचा सगळा अर्थ ‘हाताशी आहे, घे आणि नीघ’ यात आहे त्याला ही अट परवडत नाही. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सफरींसाठी घडीची सायकल वापरणारे थोडे लोक आहेत, त्यांचे गणित निराळे आणि त्यांना क्लीट शोभते.

पिनांविरुद्धचा खरा आक्षेप पकडीचा नाही, इजेचा आहे. पाय निसटला तर पिना नडगी सोलतात, आणि एस.टी.च्या गर्दीत घडी घातलेली सायकल शेजारच्याच्या साडीला किंवा पँटला ओरखडू शकते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिल्याचे उत्तर असे, की पाय मुळात कमी वेळा निसटतो. आणि पिना ग्रब स्क्रूच्या असतील तर ॲलन चावीने काही काढून टाकता येतात किंवा आत घेता येतात. सुरुवात चारच पिनांनी करावी, हेच शहाणपणाचे. दुसऱ्याचे उत्तर अर्धे यांत्रिक आहे आणि अर्धे शेजारधर्माचे. जपानच्या मिकाशिमा कंपनीची, एमकेएस नावाने विकली जाणारी, इझी जातीची पायडले कडे फिरवून हातानेच क्रँकवरून उतरवता येतात. ती पिशवीत टाकली की घडी मोडत्या पायडलांपेक्षाही अरुंद होते. भारतात ती सहज मिळत नाहीत आणि महाग पडतात. मधला मार्ग असा, की घडीत जो क्रँक आतल्या बाजूला जातो त्याला रुंद पायडल लावावे, बाहेर राहणारे मोडतेच ठेवावे. दोन पायांखाली दोन जातींची पायडले विचित्र दिसतात, पण ब्रॉम्प्टनवर हेच मुळापासून आहे आणि पाय आठवड्याभरात सरावतो. तेही नको असेल तर दोन्ही रुंद लावावीत आणि गाडीत चढताना बाहेरच्या पायडलावर जुना जाड पायमोजा चढवावा. याला कंपनीचे कव्हर लागत नाही.

धातूचे पायडल घ्यावे की नायलॉनचे, या वादात मला फार दम दिसत नाही. पिना धातूच्या, बदलता येणाऱ्या आणि अंगात आरपार खिडक्या असलेले कोणतेही चालेल. खिडक्यांतून चिखल खाली गळतो. पूर्ण भरीव पायडलावर तो साचून राहतो. नायलॉनचे स्वस्त पडते, दगडावर आपटले तर सरकून जाते. पृष्ठभाग किंचित खोलगट, म्हणजे कडा मधल्यापेक्षा उंच असाव्यात, म्हणजे पाऊल आपोआप मध्यावर येते.

पायडल आणि पायताण जुळले तरी पाऊल ठेवण्याची रीत उरते, आणि उतारावर तीच निर्णायक ठरते. केळघर घाट उतरताना ब्रेक दाबला की सायकल मंदावते, शरीर पुढे जाऊ पाहते आणि पाय पायडलावरून पुढे घसरू लागतो. दोन्ही क्रँक आडवे ठेवून टाच थोडी खाली दाबली, तर पायडलाचा पृष्ठभाग मागे कलतो. मग पुढे जाणारा तोच जोर पायडलाच्या पृष्ठभागावर सरकण्याऐवजी त्याच्यात दाबला जातो आणि पकड वाढते. चपलेला छोटी टाच असेल तर ती इथे उपयोगी पडते, कारण पायडलाच्या मागच्या कडेला अडते. उंच टाच मात्र पाऊल पुढे झुकवते आणि सगळा हिशोब बिघडवते. बुटाची नाडी आणि पँटचा पायचा उजव्या बाजूला बांधून घ्यायला हवा. साखळी त्याच बाजूला असते आणि लहान चाकाच्या सायकलवर पुढचे चक्र मोठे असल्याने घोट्याच्या जास्त जवळ येते.

पायडल बदलणे हे काम पंधरा मिलिमीटरच्या पान्याने, काहींत ॲलन चावीने, घरी होते. आटे दोन बाजूंना उलट असतात: उजवे पायडल नेहमीसारखे उजवीकडे फिरवून बसते, डावे डावीकडे. पायडल मारताना बेअरिंगमधून येणाऱ्या जोराची दिशा आसाभोवती फिरत राहते, त्यामुळे आस आट्यांत कणाकणाने गडगडत उलट बाजूला फिरू पाहते. डाव्या बाजूचे आटे सरळ ठेवले तर पायडल आपोआप ढिले होईल. अमेरिकेतल्या डेटनमध्ये सायकलचे दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंनी न सुटणाऱ्या पायडलाची अशी जाहिरात १९०० साली, विमान उडवण्याच्या तीन वर्षे आधी, केली होती. हे ठाऊक नसल्याने डावे पायडल काढताना ते आणखी आवळले जाते आणि क्रँकचे ॲल्युमिनियमचे आटे उडतात. मग पायडल नव्हे, क्रँक बदलावा लागतो. बसवताना आट्यांना ग्रीस लावणे पावसाळी भागात सक्तीचे समजावे, नाहीतर पोलाद आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकमेकांना धरून बसतात आणि पुढच्या वर्षी पाना वाकतो, पायडल निघत नाही. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत: कंपनीच्या पायडलांना पुढे-मागे पिवळे रिफ्लेक्टर असतात, पिनांच्या पायडलांना बहुधा नसतात. वर-खाली हलणारा तो पिवळा ठिपका मागून येणाऱ्या गाडीला सायकल ओळखायला सगळ्यात आधी मदत करतो. पायडल बदलले, की घोट्याला परावर्तक पट्टी बांधायची. ती पँटचा पायचाही धरून ठेवते.